धुऱ्याच्या दोन रेघा

भीमाबाईला आमच्या सेक्टरमध्ये सगळे हसले होते. तिचे यजमान जानराव भाऊजी भिलाईच्या स्टील प्लांटमधून रिटायर झाले, क्वार्टर सोडायची वेळ आली, तेव्हा बाकीच्यांनी कुठं ना कुठं प्लॉट घेतला, नाही तर ते मुलाजवळ रायपूरला गेले. तिनं उतईच्या अलीकडं एका गावात धानाचं वावर घेतलं आणि वावराच्या कडेला दोन खोल्या बांधल्या.

"उभा जन्म भाऊजीनं भट्टीपुढं काढला," मी तिला म्हटलं, "आता तरी पंख्याखाली बसू दे त्याइले."

"पंखा तठी बी आहे," ती म्हणाली. "अन् त्याइचे कान तं भट्टीनंच खाल्ले. त्याइले सेक्टर का अन् वावर का, सारखंच. मी मात्र इतके वर्सं झाले, डब्यात कोथिंबीर लावून राहिली. हात शिवशिवते वं माह्ये."

मी तिला बाई म्हणते. आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाई म्हणतात. ती माझी सख्खी नाही. सेक्टर दहाला आमची दोघींची क्वार्टरं भिंतीला भिंत लागून होती, एवढंच. तिचं माहेर लाखांदूरकडचं, माझं तुमसरचं. दोघी धानाच्या मुलखातल्या, दोघी लग्न होऊन भिलाईला आलो, आणि दोघींनाही सुरुवातीला रात्री भट्टीच्या उजेडानं लाल झालेलं आभाळ पाहून गाव जळतंय असं वाटलं होतं. मी त्या उजेडाला सरावले. ती सरावली नाही. पोळीभाजी करता करता ती एकदम विचारायची, "आज तुमसरकडं पाणी आला असंन का वं?" पाणी म्हणजे पाऊस. नळाचं पाणी तिच्या हिशेबात पाणी नव्हतंच.

वावर घेतल्यावर मात्र ती दहा वर्षांनी लहान झाली. मी बसनं जायची, ती मला आधी धुऱ्यावरून फिरवायची, मग चहा. धुरा म्हणजे वावराचा बांध. आमच्याकडे त्याच्यावर तूर लावतात, तशी तिनं लावली होती. गावातल्या छत्तीसगढी बाया आधी तिच्या रोवण्याला नाक मुरडायच्या, कारण तिथं धान शिंपडून पेरायची पद्धत. पुढं त्यातल्या दोघी-तिघी परे, म्हणजे धानाची रोपं, उपटून रोवायला शिकल्या, आणि हिनं त्यांच्याकडून बेसनाची ठेठरी तळायला शिकून घेतली. सांजेला चिखलात बगळे उतरायचे, पाणकोंबड्या धावायच्या, आणि जानराव भाऊजी खाटेवर बसून, ऐकू येत नसूनही, त्यांच्याकडं असं बघायचे की जणू त्यांचं भांडण कळतंय.

धानाचं वावर एकटं नसतं, हे आधी सांगायला हवं, नाही तर पुढचं कळणार नाही. पाणी वरच्या वावरातून खालच्या वावरात येतं. धुऱ्याला एक तोंड ठेवलेलं असतं, त्यातून. तिथल्या लोकांचा शब्द मुही. वरच्याची मुही उघडली की भीमाबाईचं वावर भरायचं, भीमाबाईची उघडली की तिच्याच खालच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेले वावराचे तुकडे, भरायच्या, आणि उरलेलं पाणी नाल्याला. कुणी मधे अडवलं तर वर कुजतं आणि खाली वाळतं. म्हणून धानाच्या गावात शेजाऱ्याशी बोलणं टाकता येत नाही, असं बाई म्हणायची.

पण वरचे शेजारी एकेक करून कमी होत गेले. त्यांनी जमिनी कॉलनीवाल्याला दिल्या. दोन पावसाळे तिथं कुणी नांगर घातला नाही, मधोमध मुरूम टाकून रस्ते काढले, चुन्यानं चौकोन आखले. भिलाई तिकडून सरकत सरकत येतच होती. मी बसच्या खिडकीतून बघायची. ज्या वर्षी धान दिसायचं, त्याच्या पुढच्या वर्षी तिथं गवत, आणि त्याच्या पुढच्या वर्षी गेट.

मग एका उन्हाळ्यात गावात कोतवालानं मुनादी, म्हणजे दवंडी, दिली. शहराच्या नव्या मास्टर प्लानचा नकाशा नगर नियोजनाच्या ऑफिसात लागला आहे, कुणाची काही हरकत असेल तर महिन्याभरात लिहून द्यावी. कुठली जमीन शेतीला, कुठली घरांना, रस्ता कुठून, सगळं त्या नकाशात.

नकाशा पाहून भीमाबाई भाऊजींना घेऊन परतीच्या वाटेवर सरळ माझ्याकडे आली. हातात बत्ताशांचा पुडा.

"शीला, देवापुढं ठेव हे. वाचलं वं माह्यं वावर!"

"बस तं आधी. काय झालं?"

"भिंतीवर एवढा मोठा कागद, अन् त्याच्यात रंगच रंग. वरच्या सगळ्या वावरायले पिवळं फासलं. मी म्हटलं, हे काय, हळद लावली का? तं तठी एक जण म्हणते, पिवळं म्हणजे मकान. म्हटलं, बरोबर आहे बापा, हळद लागली म्हणजे पोरगी आता दुसऱ्याच्या घरची."

"अन् तुह्यं?"

"माह्यं हिरवं! नाल्याच्या काठानं हिरवीगार पट्टी, अन् त्याच्यात मी. अवं, माह्या धुरासुद्धा काढला त्याईनं. दोन रेघा, इकडून तं तिकडं. सरकारचं काम कसं पक्कं असते पाह्य."

"हरकत काही लिहून दिली?"

"कायची हरकत? हिरव्या वावराले हिरवा रंग लावला, त्याच्यावर का भांडू?"

जानराव भाऊजी बाजूला हसत बसले होते. त्यांना यातलं काही ऐकू आलं नव्हतं, पण बायको खूश आहे एवढं दिसत होतं. मी बत्तासे देवापुढं ठेवले, दिवा लावला. खरं सांगते, मलाही बरं वाटलं. भिलाई हे शहरच नकाशावर आधी काढलेलं. आमचे सेक्टर, आमचे सरळ रस्ते, त्याच्या कडेची झाडं, सगळं कुणीतरी कागदावर आखून मग जमिनीवर उतरवलेलं. आमच्या क्वार्टरच्या जागीही कधीतरी कुणाचं धान उभं असेल, हा विचार माझ्या मनात कधी कधी येतो, आणि आला की मी तुळशीला एक तांब्या जास्त घालते. तेव्हा वाटलं, आता शहाणपण आलं असेल. आता निदान हिरवं हिरवं ठेवतील.

महिना गेला. पाऊस लागला, रोवणे झाले, धान चांगलं उठलं.

पोळ्याला तिनं मला जेवायला बोलावलं. आमच्याकडे पोळा बैलांचा. तिथं पोरा म्हणतात, आणि बैलांपेक्षा मोठी गोष्ट अशी की त्या दिवशी धान गर्भार होतं, असं गावाचं मानणं. पोटरीत, म्हणजे अजून बाहेर न आलेल्या लोंबीत, दूध भरतं. म्हणून पोऱ्याला कुणी वावरात पाय टाकत नाही. ना निंदायला, ना पाणी बघायला. गर्भारणीला त्रास देऊ नये. लाखांदूरला हे नव्हतं, पण भीमाबाईनं ते असं धरलं होतं की तिथल्या जुन्या बायाही तिच्यापुढं सैल वाटाव्या. आदल्या संध्याकाळीच ती धुऱ्यावर उभी राहून धानाला हात जोडून आली होती.

आम्ही पानावर बसलो. दारं पुढं ओढलेली, कारण त्या दिवशी वावराकडं उगीच बघतही नाहीत. मला आवाज आला असं वाटलं, पण गावात कुठं तरी ट्रॅक्टर असेल म्हणून मी लक्ष दिलं नाही. कळलं ते जानराव भाऊजींना. त्यांनी घास खाली ठेवला आणि तळहात जमिनीवर टेकला.

"भीमा," ते म्हणाले, "जमीन हालून राहिली."

आम्ही दार उघडलं. जे दिसलं ते माझ्या डोळ्यांना आधी कळलंच नाही. आमच्या हिरव्या धानाच्या मधोमध एक लाल पट्टा होता. वरच्या कॉलनीकडून तो वावरात उतरला होता, आणि त्याच्या टोकाला एक डंपर मागं तोंड करून उभा. आमच्या डोळ्यांदेखत त्याचा डबा वर उठला आणि ढीगभर मुरूम पोटरीतल्या धानावर सांडला. आवाज असा झाला, जसा पोतं भिंतीवर आपटल्यावर होतो. धान दिसेनासं झालं. बगळे उडाले आणि परत बसायला जागा नाही म्हणून नुसते वर फिरत राहिले. माझ्या हाताला पुरण लागलेलं होतं, ते तसंच वाळलं.

भीमाबाई धावली. अनवाणी. आणि धुऱ्यावर जाऊन थांबली. अशी थांबली जशी कुणी मागून पदर धरला. पुढं वावर होतं, आणि आज वावरात पाय टाकायचा नव्हता.

"थांबा!" ती तिथूनच ओरडली. "अरे थांबा, कोण होय तुमी?"

डंपरजवळ कॉलनीवाल्यांचा एक माणूस उभा होता. काळा चष्मा, हातात मोबाइल. तो शांतपणे मुरमावरून चालत आमच्याकडं आला.

"माई, घबराओ मत. ये मास्टर प्लान का रोड है."

"रोड? हे माह्यं वावर होय! हिरवं आहे नकाशात. मी सोता पाहून आली!"

"हाँ, तो देखो ना." त्यानं मोबाइल पुढं धरला. तोच नकाशा. वर पिवळं, नाल्याच्या काठानं हिरवी पट्टी, आणि तिच्यातून जाणाऱ्या दोन काळ्या रेघा.

"हाच तं!" भीमाबाईनं बोट ठेवलं. "हा माह्या धुरा होय."

"धुरा नहीं माई. रोड. दो लाइन मतलब रोड."

ती त्या काचेकडं पाहत राहिली. मीही पाहिलं. ज्यानं आयुष्यभर धान पाहिलं त्याला वावरातल्या दोन रेघा धुराच दिसणार. दुसरं काय दिसणार?

"अन् हे हिरवं?" तिचा आवाज अगदी बारीक झाला. "हिरवं तं वावर ना?"

"खेती का तो कलर ही दूसरा है माई, उधर नाले के पार देखो, फीका वाला. हरा मतलब आमोद-प्रमोद."

भीमाबाईनं माझ्याकडं पाहिलं, मग त्याच्याकडं.

"कोण होय हे आमोद अन् प्रमोद?" ती म्हणाली. "बाप कोण त्याइचा? माह्या नवऱ्यानं घेतलेलं वावर त्याइच्या नावावर कोणं केलं?"

तो माणूस हसला. खळखळून. मला त्याला मारावंसं वाटलं, आणि मी कुणाला मारावं असं मला कधी वाटत नाही. मीच मग तिला सांगितलं. बाई, ती माणसं नाहीत. आमोद-प्रमोद म्हणजे मौजमजा. बगीचा, खेळाचं मैदान, लग्नाचा लॉन, असलं काही. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला लिहिता येत नाही. दोन भाऊ असते तर तिला भांडता तरी आलं असतं.

एवढ्यात उरलेला मुरूम टाकायला डंपरचा डबा पुन्हा वर उठायला लागला. दुसरा डंपर मागं लागलेला. आणि माझ्या तोंडून निघालं, हिंदी की मराठी की काय ते मला माहीत नाही:

"अरे, आज पोरा आहे! धान गर्भार आहे रे!"

डबा मध्येच थांबला. ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. पिकल्या मिशांचा माणूस, तिकडचाच. त्यानं चाकांखाली पाहिलं, म्हणजे पहिल्यांदाच पाहिलं असं वाटलं, आणि इंजिन बंद केलं.

"क्या हुआ?" चष्मेवाला ओरडला. "डाल ना!"

"आज पोरा ए साहेब," ड्रायव्हर म्हणाला. "धान गरभ म हे. मैं नइ डारंव."

"तेरे को मालूम नहीं था क्या?"

"मोला त कहिन, खेत बेचा गे हे. अउ कहिन, आजे जा, आज खेत म कोनो नइ रहय."

शेत विकलं गेलंय, आज जा, आज शेतात कुणी नसतं, असं सांगून त्याला पाठवलं होतं. रस्ता कागदावर होता हे एक. पण दिवस कागदावर नव्हता. दिवस कुणीतरी निवडला होता. ज्या दिवशी सगळं गाव धानासाठी दार लावून बसतं, तोच. देवानं मला खूप काही दाखवलं, सासऱ्याचं मरण दाखवलं, प्लांटमधला अपघात दाखवला, पण माणूस असा हिशेब करू शकतो हे त्या दिवशी पाहिलं.

ड्रायव्हर खाली उतरला, धुऱ्यापाशी येऊन भीमाबाईच्या पायांकडं हात नेला आणि पायीच गावाकडं निघून गेला. मागचा डंपर उलटा फिरला. ती दुपार तशी वाचली.

पण मुरूम तिथंच होता. धानाच्या पोटात, या टोकापासून जवळजवळ त्या टोकापर्यंत. आणि वरच्या बांध्यांतलं पाणी त्याला अडून चढायला लागलं. खालच्या बांध्यांत पाणी उतरणं बंद. जानराव भाऊजी खाटेवरून उठले, फावडं घेतलं. भीमाबाईनं त्यांचा हात धरला.

"आज नाई," ती म्हणाली. "आज पाय टाकाचा नाई."

"पोटरीतलं धान मरन ना, भीमा!"

त्यांना तिचं उत्तर ऐकू येणार नव्हतं, म्हणून तिनं नुसती मान हलवली. ती रात्र दोघं धुऱ्यावर बसून राहिली. मी परत आलेच नाही, तिच्यासोबत बसले. उजाडल्याबरोबर तिनं पदर खोचला, धानाची माफी मागितली आणि तिघांनी मिळून मुरूम फोडायला सुरुवात केली. माझ्या हाताला फोड आले. पाण्याला एक बारीक वाट मिळाली, पण मुरूम ढासळून ती पुन्हा पुन्हा बुजायची.

तिचा मुलगा प्रवीण रायपूरहून आला. तो चिडला, पण कुणावर चिडावं हे त्याला कळत नव्हतं, म्हणून आईवर चिडला.

"आई, तू नक्शे का फोटो कावून नाई पाठवला मले? एक मिनिट में बता देता मैं."

"मले वाटलं, आनंदाची गोष्ट आहे," ती म्हणाली. "फोनवर का सांगाची. दिवाळीले येशीन तवा समोर बसून सांगीन."

त्यानं तक्रार लिहायला घेतली.

आम्ही नकाशाच्या त्या ऑफिसात गेलो. तिथला माणूस उर्मट नव्हता, हे सांगायला हवं. पाणीसुद्धा दिलं प्यायला. तो म्हणाला, हरकतीची मुदत संपली, नकाशा आता पक्का झाला. न विचारता मुरूम टाकला हे चूकच, त्याची तक्रार घेतो. पण पिकाचं नुकसान कसं लिहू? त्यानं नकाशा आमच्याकडं फिरवला.

"देखिए, यहाँ रोड है और आमोद-प्रमोद है. नक्शे में यहाँ खेत है ही नहीं."

भीमाबाई त्याच्यापुढं उभी होती. तळव्यांना मुरमाचा लाल रंग अजून होता.

"मंग मी कोठं उभी होती?" तिनं विचारलं.

त्याला मराठी येत नव्हती. प्रवीणनं सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही.

तक्रार झाली तेव्हा कॉलनीवाले घरी बोलायला आले. रस्ता तर होणारच, तुम्ही प्रेमानं द्या. प्रवीण म्हणाला, आई, आपण चांगला मोबदला मागू. जानराव भाऊजी तिच्या तोंडाकडं पाहत बसले होते. मला वाटलं, ती आता सगळंच विकून टाकेल आणि आमच्या सेक्टरकडं परत येईल, आणि खोटं कशाला बोलू, मनातून मला ते आवडलंही असतं.

"मोबदला तू माग," ती प्रवीणला म्हणाली. "तुह्या बापाचा हक्क आहे. मी पाणी मागते." मग त्या लोकांकडं वळून हिंदीत: "रोड के नीचे से मेरे पानी को रास्ता दो. आजच. धान पोटरी में है, वो नक्शा पढ़ के नहीं रुकेगा."

त्यांना हे स्वस्त पडलं असावं. दुसऱ्याच दिवशी सिमेंटचे मोठे पाइप आले. ते बसेपर्यंत ती चिखलात उभी होती. पहिलं पाणी खालच्या बांधीत उतरलं तेव्हा भाऊजी खाली बसले आणि त्यांनी त्या पाण्यात हात धरला. वरच्या बांध्यांतलं धान तोपर्यंत कुजलं होतं. खालचं जगलं.

आता तो रस्ता डांबरी आहे. वरच्या पिवळ्या भागात घरं उभी राहिली, रात्री दिवे लागतात, आणि बगळे नाल्यापलीकडं गेले. हिरव्या पट्टीत आमोद-प्रमोद अजून कुणी केलेला नाही, तिथं भीमाबाईचं धानच आहे, रस्त्याच्या या बाजूला अर्धं आणि त्या बाजूला अर्धं. उद्या काय होईल ते कुणी सांगत नाही. प्रवीण म्हणतो, आई, विकून टाक. ती म्हणते, विकीन, पण रोवणं झाल्यावर सांग. आणि रोवणं झालं की म्हणते, कापणी झाल्यावर.

मागच्या पावसाळ्यात मी गेले होते. ती वरच्या बांधीतून परे उपटून खालच्या बांधीत नेत होती. डोक्यावर पऱ्यांची ओली पेंढी, पाणी मानेवरून गळतंय, आणि ती डांबराच्या कडेला उभी. गाड्या थांबत नव्हत्या. कॉलनीच्या गेटवरचा गार्ड शिट्टी वाजवत आला.

"किधर जाना है माई?"

"माह्या वावरातून माह्या वावरात," ती म्हणाली.

तो बुचकळ्यात पडला. मग त्यानं हात आडवा करून एक कार थांबवली, आणि भीमाबाई दोन्हीकडं पाहून पलीकडं गेली.